पावडर स्कीइंग

पावडर स्कीइंग हा नुकत्याच पडलेल्या, कोरड्या आणि न दबलेल्या हिमाच्या उतारावरून स्कीच्या साहाय्याने घसरत जाण्याचा क्रीडाप्रकार आहे. यंत्राने दाबून सपाट केलेल्या उतारावरील नेहमीच्या स्कीइंगपेक्षा त्याचे तंत्र, साधने आणि धोके वेगळे आहेत. असे हिम थोड्या लोकांच्या वावरानेही दबते. त्यामुळे या प्रकारासाठी भरपूर हिमवृष्टी होणारे आणि फारशी गर्दी नसलेले पर्वतीय स्थळ लागते. भारतात जम्मू आणि काश्मीरच्या बारामुल्ला जिल्ह्यातील गुलमर्ग हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध ठिकाण असून जगभरचे स्कीपटू दर हिवाळ्यात तेथे येतात. निर्मनुष्य उतार आणि ताजे हिम हे या खेळाचे आकर्षण आहे, आणि हिमस्खलनाचा धोकाही याच दोन गोष्टींतून उद्भवतो. म्हणून पावडर स्कीइंगचे शिक्षण हे घसरण्याच्या तंत्राइतकेच हिम ओळखण्याचे शिक्षण मानले जाते.

संज्ञा

'स्की' हा शब्द नॉर्वेजियन भाषेतून इंग्रजीत आणि तेथून मराठीत आला. त्याचे मूळ प्राचीन नॉर्स भाषेतील फाडलेल्या लाकडाचा तुकडा अशा अर्थाच्या शब्दात आहे. 'पावडर' ही संज्ञा हिमाच्या पिठासारख्या स्वरूपावरून रूढ झाली. मराठीत अशा हिमाला भुसभुशीत हिम किंवा पिठूळ हिम म्हणता येते.

व्यवहारातील मराठीत 'बर्फ' हा एकच शब्द आकाशातून पडणारे हिम आणि पाणी गोठून झालेला घट्ट बर्फ या दोन्हींसाठी वापरला जातो. या विषयात मात्र हा भेद महत्त्वाचा आहे. पाणी गोठून तयार झालेल्या बर्फाची घनता घनमीटरला सुमारे ९१७ किलोग्रॅम असते, तर ताज्या कोरड्या हिमाची घनता बहुधा ५० ते १०० किलोग्रॅमच भरते. अशा हिमाचा उरलेला सर्व भाग हवेने व्यापलेला असतो. गार आणि हिम यांतही फरक आहे. वादळी ढगात पाण्याचे थेंब थरावर थर गोठत गेल्याने गार तयार होते. हिमाचा स्फटिक मात्र बाष्पापासून, मधल्या द्रवावस्थेशिवाय, थेट वाढतो.

भुसभुशीत हिमाची घडण

हिमाचे स्फटिक षट्कोनी असतात. ढगातील तापमान आणि बाष्पाचे प्रमाण यांनुसार ते सुईसारखे, चपटे किंवा फांद्या फुटलेल्या ताऱ्यासारखे होतात. उणे १५ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि पुरेसे बाष्प असताना सहा फांद्यांचे तारकाकृती स्फटिक वेगाने वाढतात. जमिनीवर पडल्यावर त्यांच्या फांद्या एकमेकींत अडकून राहतात व मध्ये हवेच्या पोकळ्या उरतात. असा थर हलका व मऊ असतो.

ही अवस्था फार काळ टिकत नाही. ऊन, वारा, वरच्या थरांचे वजन आणि तापमानातील चढउतार यांमुळे स्फटिकांच्या फांद्या मोडतात व झिजतात, कण गोलसर होतात आणि थर खाली बसतो. वितळण्याचे व पुन्हा गोठण्याचे चक्र काही वेळा झाले की हिम जाड दाणेदार बनते. वसई परिसरातील मिठागरांत दिसणारे खडे मीठ आणि जात्यावर दळलेले तांदळाचे पीठ यांच्या स्पर्शात जो फरक असतो, काहीसा तसाच फरक जुन्या आणि ताज्या हिमात असतो. ओलसर हवेतील हिम जड व चिकट पडते. थंड व कोरड्या हवेतील हिमाचा मुठीत गोळाही होत नाही. स्कीपटूंच्या दृष्टीने दुसरा प्रकार उत्तम समजला जातो.

जगात काही पर्वतप्रदेश अशा हिमासाठी ओळखले जातात. जपानच्या होक्काइदो बेटावर सायबेरियाकडून येणारे अतिथंड वारे जपानच्या समुद्रावरून बाष्प घेऊन येतात व विपुल हिम पाडतात. अमेरिकेतील यूटा राज्याच्या पर्वतांतील हिमही हलके व कोरडे म्हणून प्रसिद्ध आहे. काश्मीरमध्ये ही कामगिरी पश्चिमी झंझावात करतात. भूमध्य समुद्राच्या बाजूने पूर्वेकडे सरकणारी ही हवामान-प्रणाली पीर पंजाल रांगेवर आदळते आणि तेथे हिमवृष्टी होते. कोकणातील पावसाळ्याला नैर्ऋत्य मोसमी वारे जसे आवश्यक, तसेच काश्मीरच्या हिवाळ्याला हे झंझावात आवश्यक असतात.

तंत्र आणि साधने

दाबलेल्या उतारावर स्कीची पोलादी कड हिमात रोवून वळण घेतले जाते. भुसभुशीत हिमात कडेला टेकण्याजोगा कठीण पृष्ठभागच नसतो. तेथे स्की हिमाच्या आत बुडते आणि वेग वाढला की पाण्यावरील फळीप्रमाणे वर उचलली जाते. त्यामुळे या प्रकारात काही वेग आवश्यक असतो. फार सावकाश जाणाऱ्याची स्की रुतून बसते. अर्नाळ्याच्या किंवा राजोडीच्या किनाऱ्यावर कोरड्या वाळूत पाय रुततो, पण रुंद फळी ठेवल्यास ती वर राहते. वजन अधिक क्षेत्रावर विभागले जाण्याचे तेच तत्त्व येथेही लागू पडते.

नवशिक्यांना पुढील गोष्टी शिकवल्या जातात:

• दोन्ही पायांवर जवळपास सारखे वजन ठेवणे. सारे वजन एकाच पायावर टाकल्यास ती स्की खोल जाते व तोल बिघडतो.
• शरीर स्कीच्या मध्यावर संतुलित ठेवणे. स्कीचे टोक वर राहावे म्हणून मागे रेलण्याची सवय मांड्या लवकर थकवते आणि स्कीवरील ताबा कमी करते.
• वळणे एका लयीत, गुडघे क्रमाने वाकवत व सरळ करत घेणे. अचानक झटका देऊन वळल्यास पडण्याची शक्यता वाढते.
• पडल्यावर स्की उताराला आडव्या करून आणि काठ्यांचा आधार घेऊन उठणे. खोल हिमात नुसत्या हाताने टेकू मिळत नाही, हात आत जातो.

साधनांत मोठा बदल विसाव्या शतकाच्या अखेरीस झाला. पूर्वीच्या स्की अरुंद असल्याने खोल हिमात घसरणे हे निष्णातांचेच काम होते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ऑस्ट्रियाच्या अटॉमिक या कंपनीने खास पावडरसाठी रुंद स्की बाजारात आणली. त्यानंतर २००२ मध्ये स्कीपटू शेन मॅक्कॉन्की याच्या कल्पनेवर आधारलेली 'स्पॅच्युला' ही स्की आली. तिची दोन्ही टोके वर उचललेली आणि मध्यभाग खाली झुकलेला होता. आजच्या पावडर स्कीची रुंदी पायाखाली बहुधा १०० मिलिमीटरपेक्षा अधिक असते. या बदलामुळे मध्यम कौशल्याचे लोकही खोल हिमात उतरू लागले. तंत्र सोपे झाले, हिमाचा स्वभाव मात्र बदलला नाही. त्यामुळे धोकादायक उतारांवर पोहोचणाऱ्यांची संख्या वाढली.

इतिहास

स्की हे मुळात खेळाचे साधन नव्हते. उत्तर युरोप व आशियाच्या हिमप्रदेशांत शिकार आणि प्रवास यांसाठी तिचा वापर होत असे. रशियात दलदलीत सापडलेले स्कीचे अवशेष सुमारे ८,००० वर्षांपूर्वीचे मानले जातात. खेळ म्हणून तिला आधुनिक रूप एकोणिसाव्या शतकात नॉर्वेच्या टेलेमार्क भागात मिळाले. तेथील सोंद्रे नोरहाइम याने पायाला स्की घट्ट धरून ठेवणारी बांधणी वापरली व वळण्याचे तंत्र विकसित केले. ऑस्ट्रियाच्या माथियास झ्दार्स्की याने आल्प्स पर्वताच्या तीव्र उतारांना साजेसे तंत्र मांडले. पुढे पाळणे व रज्जुमार्ग आले आणि स्कीइंग हा पर्यटनव्यवसाय बनला. गर्दीचे उतार यंत्राने दाबले जाऊ लागले, तसतसे न दबलेले हिम दुर्मीळ होत गेले. त्याच्या शोधात १९६५ मध्ये हान्स ग्मोझर याने कॅनडाच्या बुगाबू पर्वतांत हेलिकॉप्टरने शिखरावर नेऊन स्कीइंग घडवण्याचा व्यवसाय सुरू केला.

गुलमर्ग

गुलमर्ग हे पीर पंजाल रांगेतील सुमारे २,६५० मीटर उंचीवरील विस्तीर्ण कुरण आहे. श्रीनगरपासून ते सुमारे ५० किलोमीटरवर असून वाट टंगमर्ग गावातून वर चढते. त्याचे जुने नाव गौरीमर्ग असल्याचे सांगतात. सोळाव्या शतकात काश्मीरचा सुलतान युसूफ शाह चक याने त्याला गुलमर्ग, म्हणजे फुलांचे कुरण, हे नाव दिले अशी परंपरा आहे.

येथे स्कीइंगची सुरुवात ब्रिटिश अधिकाऱ्यांनी केली. १९२७ मध्ये स्की क्लब ऑफ इंडियाची स्थापना झाली. स्वातंत्र्यानंतर काश्मीरच्या पर्वतांतील युद्धाचा अनुभव लक्षात घेऊन १९४८ मध्ये जनरल थिमय्या यांच्या पुढाकाराने येथे लष्करी स्की शाळा सुरू झाली. तीच पुढे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल म्हणून नावारूपाला आली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस केंद्रीय पर्यटन खात्याच्या अखत्यारीत नागरिकांसाठी प्रशिक्षण संस्था निघाली; ती आज भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्था या नावाने ओळखली जाते.

गुलमर्गचे आजचे स्थान मुख्यतः तेथील गोंडोला रज्जुमार्गामुळे आहे. फ्रान्सच्या पोमागाल्स्की कंपनीच्या तंत्रज्ञानाने उभारलेल्या या मार्गाचे काम १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले, परंतु काश्मीरमधील अशांततेमुळे रखडले. गुलमर्ग ते कोंगडोरी हा पहिला टप्पा १९९८ मध्ये, तर कोंगडोरीपासून अफरवटच्या खांद्यापर्यंतचा दुसरा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला. दुसरा टप्पा प्रवाशाला जवळजवळ ४,००० मीटर उंचीवर पोहोचवतो. जगात इतक्या उंचीवर स्कीपटूंना नेणारे रज्जुमार्ग फार थोडे आहेत.

अफरवटच्या खांद्यावरून खाली येणाऱ्या उतारांचे स्थूलमानाने तीन भाग पडतात. गोंडोलाच्या मार्गालगतचा खोलगट भाग हा देखरेखीखाली असतो व तेथील हिमाची पाहणी सुरक्षा पथक करते. त्याच्या दोन्ही बाजूंस पसरलेले कडे व घळी हा मोकळा डोंगर आहे. तेथे जाणारा स्वतःच्या जबाबदारीवर जातो. खाली देवदार वर्गातील वृक्षांचे व भूर्जाचे जंगल लागते, आणि हिम पुरेसे असल्यास त्यातून बाबा रेशी किंवा टंगमर्गपर्यंत घसरत जाता येते. नियंत्रण रेषा जवळ असल्याने काही भागांत जाण्यास बंदी असते.

दरवर्षी येणाऱ्या बहुसंख्य पर्यटकांचा वावर कुरणात आणि कोंगडोरीच्या आसपास असतो. ते स्लेजवर बसतात, हिमात खेळतात आणि परततात. वरच्या उतारांवर स्की घेऊन जाणारे तुलनेने थोडे असतात. युरोपच्या प्रसिद्ध स्थळी हिमवृष्टीनंतर काही तासांतच सर्व उतार रेघारेघांनी भरून जातात. गुलमर्गात दोन-तीन दिवसांनंतरही अस्पर्श हिम सापडते. परदेशी स्कीपटूंच्या दृष्टीने हेच त्याचे वैशिष्ट्य आहे.

हंगाम साधारणतः डिसेंबरअखेर ते मार्च असा असतो. काश्मिरी गणनेनुसार २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा 'चिल्लई कलां' हा कडाक्याच्या थंडीचा काळ सुरू होतो. त्यानंतर वीस दिवसांचा 'चिल्लई खुर्द' आणि दहा दिवसांचा 'चिल्लई बच्चा' येतो. चिल्लई कलांमध्ये पडलेले हिम थंडीमुळे अधिक काळ कोरडे राहते. त्यानंतरचे हिम लवकर ओलावते.

हिमस्खलनाचा धोका

उतारावरील हिमाचा मोठा भाग एकाएकी निसटून खाली येणे म्हणजे हिमस्खलन. स्कीपटूंचे बहुतेक मृत्यू ज्या प्रकारात होतात, त्यात हिमाची एक सलग लादी सुटते. तिची कारणपरंपरा पुढीलप्रमाणे असते. हिवाळ्याच्या आरंभी हिमाचा थर पातळ असतो. खालील जमीन तुलनेने उबदार आणि वरची हवा अतिथंड असल्याने थरातील बाष्प वर सरकते आणि तळाशी साखरेसारखे सुटे, टोकदार कण तयार होतात. हे कण एकमेकांना धरत नाहीत. पुढे त्यांवर जोराची हिमवृष्टी झाली किंवा वाऱ्याने हिम आणून टाकले की वर जड थर आणि खाली कमकुवत थर अशी रचना होते. एका माणसाच्या वजनानेही खालचा थर मोडू शकतो, आणि ती मोड क्षणार्धात दूरवर पसरून संपूर्ण लादी निसटते.

बहुतेक लादी-स्खलने ३० ते ४५ अंश चढाच्या उतारांवर होतात. यापेक्षा सौम्य उतारावर हिम सहसा घसरत नाही, तर अधिक खड्या उतारावर ते साठून राहत नाही. पावडर स्कीइंगसाठी आवडते उतार नेमके याच मर्यादेत येतात. पाश्चात्त्य देशांतील नोंदींनुसार, ज्या स्खलनांत स्कीपटू सापडतात त्यांपैकी बहुसंख्य स्खलने स्वतः त्या व्यक्तीमुळे किंवा तिच्या सोबत्यामुळेच सुरू झालेली असतात. हिमवृष्टीचे दिवस संपून आकाश निरभ्र झाल्यावरचा पहिला दिवस सर्वांत मोहक दिसतो. नव्या हिमाचे वजन खालच्या थरांनी अद्याप पेललेले नसल्याने तोच पुष्कळदा धोक्याचा असतो.

गर्दी नसण्याचा परिणाम येथे दुहेरी होतो. जेथे रोज शेकडो लोक घसरतात, तेथे हिम सतत दबते आणि कमकुवत थर तयार होता होताच मोडतात. निर्मनुष्य उतारावर हे घडत नाही. शिवाय अपघात झाल्यास मदतीला येणारे कोणी जवळ नसते. दुसऱ्याच्या स्कीची रेघ उतारावर दिसली म्हणून तो सुरक्षित ठरत नाही. पहिला माणूस सुखरूप गेलेल्या उतारावर पुढच्या माणसाखाली लादी सुटल्याची उदाहरणे आहेत.

गुलमर्ग परिसराने असे अपघात पाहिले आहेत. ८ फेब्रुवारी २०१० रोजी खिलनमर्ग येथे प्रशिक्षण घेणाऱ्या लष्करी तुकडीवर हिमस्खलन होऊन किमान १७ जवान मृत्युमुखी पडले. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटच्या उतारावर दोन पोलिश स्कीपटूंचा, तर २२ फेब्रुवारी २०२४ रोजी एका रशियन स्कीपटूचा हिमस्खलनात मृत्यू झाला. २०१० ची घटना विशेष बोलकी आहे, कारण ती पर्वतीय युद्धाचे शिक्षण देणाऱ्या संस्थेच्या तुकडीबाबत घडली होती.

जंगलातील उतारावर आणखी एक धोका असतो. सूचिपर्णी वृक्षाच्या खालच्या फांद्या हिम अडवून धरतात, त्यामुळे बुंध्याभोवती पोकळ खड्डा राहतो आणि तो वरून दिसत नाही. त्यात डोके खाली करून पडलेल्या व्यक्तीला स्वतःहून बाहेर येणे फार कठीण जाते.

बचाव आणि पूर्वसूचना

हिमाखाली गाडल्या गेलेल्या व्यक्तीचा मृत्यू बहुधा गुदमरून होतो. स्खलन थांबताच हिम घट्ट आवळते आणि हातपाय हलवता येत नाहीत. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी बहुतेक वाचतात; त्यानंतर जगण्याची शक्यता झपाट्याने घटते. बाहेरून येणारे बचाव पथक इतक्या वेळात क्वचितच पोहोचते. म्हणून सोबतचा माणूस हाच खरा बचाव करणारा असतो, आणि मोकळ्या डोंगरावर एकट्याने न जाण्याचा नियम त्यावरच आधारलेला आहे.

प्रत्येक व्यक्तीजवळ तीन साधने असावी लागतात. पहिले संदेशक यंत्र. ते अंगावर बांधलेले असते, ४५७ किलोहर्ट्‌झ कंप्रतेवर सतत संकेत सोडते आणि शोधाच्या वेळी इतरांचे संकेत पकडते. दुसरी घडीची लांब सळई. हिमात खुपसून तिने माणसाची नेमकी जागा निश्चित करतात. तिसरे धातूचे फावडे, कारण आवळलेले हिम हाताने उकरता येत नाही. ही साधने जवळ असणे आणि ती वापरण्याचा सराव असणे या भिन्न गोष्टी आहेत. सराव नसल्यास मोलाची मिनिटे यंत्र समजून घेण्यातच जातात.

उतारावरील वर्तनाचेही नियम आहेत. धोक्याच्या उतारावर एका वेळी एकानेच उतरावे व इतरांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवावी. आसपास ताजी स्खलने दिसणे, पायाखालून तडे जाणे, हिम बसल्याचा 'धप्प' असा आवाज येणे, तापमान एकाएकी वाढणे आणि गेल्या चोवीस तासांत मोठी हिमवृष्टी किंवा जोराचा वारा झालेला असणे या खुणा दिसल्यास परत फिरावे असे शिकवले जाते.

भारतात हिमस्खलनाचा शास्त्रीय अभ्यास १९६९ मध्ये मनाली येथे स्थापन झालेल्या संरक्षण संशोधन संस्थेने सुरू केला. २०२० मध्ये ती डिफेन्स जिओइन्फॉर्मेटिक्स रिसर्च एस्टॅब्लिशमेंट या संस्थेत विलीन झाली. ही संस्था हिमालयातील भागांसाठी हिमस्खलनाचे अंदाज प्रसिद्ध करते. युरोपात धोक्याची पातळी एक ते पाच अशा श्रेणींत सांगतात. आल्प्समधील पुष्कळसे मृत्यू मधल्या, म्हणजे तिसऱ्या श्रेणीच्या दिवशी होतात, कारण चौथ्या व पाचव्या श्रेणीला लोक बाहेर पडत नाहीत आणि तिसरीला धोका पेलण्याजोगा वाटतो.

उंचीचा परिणाम

अफरवटच्या खांद्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्के असतो. वसई-विरारसारख्या किनारी भागातून विमानाने श्रीनगरला आणि दुसऱ्याच दिवशी गोंडोलाने वर गेलेल्या व्यक्तीचे शरीर या बदलाला सरावलेले नसते. डोकेदुखी, मळमळ, धाप आणि निर्णयशक्ती मंदावणे ही विरळ हवेची लक्षणे होत. गुलमर्गात एक-दोन दिवस राहून मग वर जाणे आणि लक्षणे दिसताच खाली उतरणे हा साधा उपाय आहे. हिमावरून परावर्तित होणाऱ्या सूर्यप्रकाशाने डोळे पोळतात, म्हणून ढगाळ दिवशीही संरक्षक चष्मा आवश्यक असतो.

प्रशिक्षण आणि स्पर्धा

नवशिक्याने प्रथम दाबलेल्या उतारावर थांबणे, वळणे आणि वेग आवरणे शिकावे, त्यानंतरच भुसभुशीत हिमाकडे वळावे असा क्रम सर्वत्र पाळला जातो. गुलमर्गच्या संस्थेखेरीज पहलगामची जवाहर पर्वतारोहण व हिवाळी क्रीडा संस्था आणि मनाली येथील अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था स्कीइंगचे वर्ग चालवतात. उत्तराखंडमधील जोशीमठाजवळचे औली हेही महत्त्वाचे केंद्र आहे. २०११ मधील दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांतील काही प्रकार तेथे झाले.

पावडर स्कीइंग स्वतः ऑलिंपिकमध्ये नाही, पण त्याच उतारांवर वाढलेले खेळाडू स्पर्धात्मक स्कीइंगमध्ये गेले आहेत. हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचे पहिले प्रतिनिधित्व १९६४ मध्ये इन्सब्रुक येथे जेरेमी बुजाकोव्स्की यांनी केले. टंगमर्ग-गुलमर्ग परिसरातील आरिफ खान हे २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये भारताचे एकमेव खेळाडू होते. जायंट स्लॅलम प्रकारात ते ४५ वे आले. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा २०२० पासून गुलमर्गात भरतात.

हिमाची अनिश्चितता

अलीकडच्या वर्षांत गुलमर्गचा हंगाम बेभरवशाचा झाला आहे. जानेवारी २०२४ चा बराचसा काळ येथील कुरण हिमाविना कोरडे होते. फेब्रुवारीच्या आरंभी ठरलेल्या खेलो इंडिया स्पर्धा पुढे ढकलून २१ ते २५ फेब्रुवारीला घ्याव्या लागल्या. २०२५ मध्येही हिम अपुरे असल्याने त्या फेब्रुवारीऐवजी मार्चमध्ये झाल्या. दीर्घ कोरड्या काळानंतर एकदम जोराची हिमवृष्टी होणे स्खलनाच्या दृष्टीनेही प्रतिकूल असते, कारण पातळ जुन्या थरात कमकुवत कण वाढलेले असतात आणि नवे वजन त्यांवर एकाएकी येते. हिम उशिरा येण्याचा पहिला फटका वाटाडे, प्रशिक्षक, स्लेज ओढणारे आणि साधने भाड्याने देणारे यांना बसतो. टंगमर्ग व आसपासच्या गावांतील अनेक कुटुंबांची वर्षाची कमाई याच दोन-तीन महिन्यांवर अवलंबून असते.

महाराष्ट्र आणि हिम

महाराष्ट्रात हिमवृष्टी होत नाही. राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंचीचे असून या अक्षांशावर हिम टिकण्यास ती उंची पुरेशी नाही. थंडीच्या काही पहाटे महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाजवळ गवतावर पांढरा थर दिसतो व 'बर्फ पडला' अशी बातमी येते. प्रत्यक्षात ते गोठलेले दव असते. त्यामुळे मराठी पर्यटकाची हिमाशी पहिली भेट बहुधा काश्मीर किंवा हिमाचल प्रदेशाच्या सहलीतच होते.

सह्याद्रीत भटकणाऱ्याला पावसाळी धबधबा, शेवाळलेला कातळ किंवा भरतीचे पाणी यांतील धोका अनुभवाने कळतो. हिमाबाबत असा वारसा किनाऱ्यावरील माणसाजवळ नसतो, आणि भुसभुशीत हिमाचा धोका डोळ्यांना दिसतही नाही, कारण तो वरच्या शुभ्र थराखाली असतो. म्हणून अशा ठिकाणी स्थानिक वाटाड्या सोबत घेणे, त्या दिवसाचा अंदाज विचारणे आणि त्याने नकार दिल्यास तो मानणे हा पावडर स्कीइंगमधील पहिला धडा समजला जातो.